जाळीमागचा माणूस

मी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "टाइम!"

खेळ थांबला. मला तो थांबवायचा नव्हता. पण गाडेकर सर आपल्या बेंचवरून उठून तडक होम प्लेटकडे येत होते, आणि कोच असा आत यायला लागला की अंपायरला दुसरं काही करता येत नाही.

"मॅडम, तो जाळीमागचा माणूस बघताय ना? मघापासून तोंडाने आवाज काढतोय. आमच्या मुलींना बॅटिंग करू देत नाही."

आवाज मीही ऐकत होते. टाळूला जीभ लावून काढलेला, टक्, टक्. मग थोडं थांबून एक लांबलचक हुर्रर्र. अगदी माझ्या पाठीशी.

"बघते," मी म्हणाले.

"बघू नका, बाहेर काढा. आणि त्याची माणसं ऐकत नसतील तर नियम तुम्हाला माहीत आहे."

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. ज्याला त्रास होतो तो आधी त्रास बंद करा म्हणतो. नियमापर्यंत इतक्या जल्दी पोचत नाही.

सांगायला हवं की माझा स्वभावच संशयी आहे. भोकरदनजवळच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे आणि सॉफ्टबॉलची अंपायरगिरी मी लग्नाआधीपासून करते आहे. दोन्हीकडे रोज कोणीतरी आपल्याला फसवायला बघत असतं. घरचे म्हणतात, मला शिंक आली तरी तू अपील घेशील. घेईनही. खोटी शिंक ओळखू येते.

तर सामना होता जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेचा, मुलींची फायनल, जालन्याच्या मैदानावर. सॉफ्टबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिचर मुलगी मधून हात गोल फिरवून खालून बॉल टाकते. समोर बॅटर, होम प्लेट नावाच्या पांढऱ्या पाटीशेजारी. बॅटरच्या मागे कॅचर उकिडवी बसते. कॅचरच्या मागे मी, आणि माझ्या मागे तारेची जाळी, म्हणजे सुटलेला बॉल लोकांना लागू नये. कोणता बॉल टाकायचा हे कॅचर मांड्यांच्या मधे बोटं धरून पिचरला सांगते. एक बोट, जोरात. दोन बोटं, हळू. हा हळू बॉल फार लबाड असतो. हात तेवढ्याच वेगाने फिरतो, बॉल मात्र रमतगमत येतो, आणि बॅट आधीच फिरून मोकळी होते. कोणता बॉल येणार हे बॅटरला आधी कळलं तर मात्र पिचरचा सगळा कारभार आटोपला.

एका बाजूला गाडेकर सरांचा शहरातला संघ होता. मुलींना नवीन किट, सरांना गॉगल. सकाळी त्यांनी मस्तगडच्या हॉटेलातून माझ्यासाठी थर्मास भरून चहा मागवला होता. मी घेतला नाही. फायनलच्या दिवशी मी कोणाचाच चहा घेत नाही.

दुसरा संघ तीर्थपुरीकडच्या एका खेड्यातल्या शाळेचा. त्यांचे शेख सर चहा घेऊन आले नाहीत, गोष्ट घेऊन आले. त्यांची पिचर कावेरी दहावीत होती. बाप मेंढ्यांमागे फिरणारा. गावात दहावीपुढे शाळा नाही. फायनल जिंकून संघ विभागात गेला तर तिला सरकारी क्रीडा वसतिगृहाच्या निवडीला उभं राहता येणार होतं. नाहीतर मेंढ्या होत्याच.

"शेख सर," मी म्हणाले, "हे मला कशाला सांगता?"

"बस, सांगितलं. बिलकुल काही मागत न्हाई मी."

मला तोही चहाच वाटला. सामन्याआधी प्रत्येक कोचकडे एक गरीब मुलगी असते. पण गोष्ट एकदा कानावर पडली की पडलीच. कावेरी बॉल टाकायला उभी राहिली तेव्हा मला तिचे फक्त हात बघायचे होते आणि मी तिचा चेहराही बघत होते.

आता शेवटची इनिंग चालू होती. खेड्यातल्या पोरी एका रनने पुढे. शहरातल्या दोघी बाद झालेल्या. एकच बाद करायची बाकी होती, आणि नेमकी तेव्हाच सरांना जाळीमागच्या आवाजाची आठवण झाली.

मी खिशातला ब्रश काढला आणि होम प्लेट झाडायला वाकले. आमच्यात पद्धत आहे, प्लेट झाडताना मैदानाकडे पाठ करायची. त्यामुळे तोंड आपोआप जाळीकडे होतं. प्रेक्षकाला बघायचं असेल आणि बघतोय हे कळू द्यायचं नसेल, तर अंपायर प्लेट झाडतो. कित्येकदा ती अगदी स्वच्छ असते.

उंच, वाळका माणूस. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बोटं तारेत अडकवलेली. मला पहिला संशय हा आला की हा शहरवाल्यांचाच माणूस असणार. जाळीमागून कॅचर कुठे सरकते ते दिसतं. एक टक् म्हणजे आतला बॉल, दोन टक् म्हणजे बाहेरचा. असे प्रकार मी पाहिलेत. मग गाडेकर सर त्याचीच तक्रार का करतील? स्वतःवरचा संशय घालवायला. तेही पाहिलंय.

"कोणाकडून आलात तुम्ही?" मी वाकल्या वाकल्या विचारलं.

"कोनाकडून बी न्हाई. मेंढ्यावाला हाय मी. बगून राह्यलो."

"आवाज कशाला काढता?"

त्याने बोटं तारेतून काढून घेतली फक्त. खोटं बोलणारा माणूस हात कुठेतरी लपवतो, याने ते काठीवर ठेवले. माझा संशय तरी जाईना. मेंढ्यावाला असं कोणीही म्हणेल.

नियमाची गोष्ट अशी की अंपायरने प्रेक्षकाशी स्वतः तोंड लावायचं नसतं. एकाशी बोललं की दहा जण बोलतात. खेळ थांबवायचा, संयोजकांना किंवा त्या बाजूच्या कोचला बोलवायचं आणि माणूस हलेपर्यंत गप्प उभं राहायचं. थांबलेला खेळ सगळ्यांना टोचतो, आणि मग लोकच त्याला हलवतात. लोक अजिबात ऐकेनात, मैदानात घुसले, तर शेवटचा उपाय म्हणून सामना समोरच्या संघाला देता येतो. गाडेकर सर म्हणत होते तो नियम हा.

मी शेख सरांना बोलावलं. ते माझ्या कानाजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, कावेरीचे वडील आहेत ते."

"मग सांगत का नाहीत?"

"सकाळी गाडेकर सर समद्यांसमोर बोलले ना. कोणाच्या पालकानं गडबड केली तर अंपायर त्या पोरीला बाद करते म्हणून. घाबरून राह्यला तो."

असा कुठलाही नियम नाही. बापाच्या तोंडासाठी मुलीला बाद करत नाहीत. पण गाडेकर सर नियम माहीत नसलेले कोच नव्हते. तेव्हा माझा संशय जाळीवरून उठला आणि त्यांच्या गॉगलवर जाऊन बसला.

"आणि तो आवाज?"

"मॅडम, त्यांच्याकडे मेंढरांची जाळी बांधत्यात ना कोंडायला, तीच उभी करून हा पोरीला बॉल टाकायला लावतो. आपण जाळीमागं. हुर्र केलं की तिनं दम घ्यायचा, टक् केलं की हात फिरवायचा. रोजचं हाय. म्हून तर इथं बी जाळी दिसली का तिच्यामागं जाऊन उभा."

म्हणजे बापाच्या हिशेबाने त्याची जागा तीच होती. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की मैदानावर जाळीमागे पालक उभे राहत नाहीत.

तरी त्याला हलवणं भाग होतं. बॅटरच्या आणि अंपायरच्या पाठीशी कोणी आवाज करत असेल तर ती जागा रिकामी करून घ्यायची, मग तो कोणाचाही बाप असो. मी शेख सरांना तसं सांगितलं.

आणि मग टेम्पोतून आलेलं अख्खं गाव उठलं.

"कामून हलायचं त्यानं?"

"आमचाच माणूस दिसला का तुमाला?"

"ओ मॅडम, शहरवाल्यांचा चहा पिल्या का?"

नेमका न घेतलेला चहा मला लागला. दोघे-तिघे दोरी ओलांडून आत आले. बेसवरचे अंपायर माझ्याकडे बघायला लागले. गाडेकर सर हाताची घडी घालून उभे राहिले. तो उभा राहण्याचा प्रकार मला अजिबात आवडला नाही. त्यांना आवाज बंद व्हायला नको होता, त्यांना आवाज वाढायला हवा होता. आणखी चार माणसं आत आली असती तर कावेरीचं वसतिगृह तिथेच संपलं असतं, आणि तो निकाल मला माझ्या तोंडाने सांगावा लागला असता. मी खरंच घाबरले होते.

तेवढ्यात कावेरीचा बाप जाळीमागून बाहेर आला. लोकांच्या समोर गेला, काठी आडवी धरली आणि तोच लांब हुर्रर्र काढला. घशातून, खूप वेळ.

लोक आधी बघत राहिले. मग कोणीतरी फस्सकन हसलं. "आरं, आपल्याला बी कोंडून राह्यला हा," असं म्हणत दोरी ओलांडलेले मागे फिरले.

"बसा," तो म्हणाला. "मह्या पोरीचा खेळ हाय. मोडू नगा. म्या जातो."

आणि तो गेला. दोरीच्या बाहेर नाही, पार मैदानाच्या फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे. मी इतकं लांब जायला सांगितलं नव्हतं.

"प्ले बॉल," मी म्हणाले.

कावेरीने सगळं पाहिलं होतं. तिने बॉल हातात घेतला आणि थांबली. कशासाठी थांबली ते आता मला माहीत होतं. तो आवाज काही आला नाही. पहिला बॉल जमिनीवर आपटला. दुसरा माझ्या मास्कवरून गेला. पिचरने चार बॉल चुकीचे टाकले की बॅटरला फुकट पहिला बेस मिळतो. तशी एक गेली, मग दुसरी गेली. शेख सर बेंचवरून "आराम से, बेटा, आराम से" करत होते. तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

तिसऱ्या बॅटरला कॅचरने शहाणपणा केला. हळू बॉल मागितला. तो छान पडलाही. आणि ती बॅटर त्याची वाट बघत उभी होती. एरवी मुली हळू बॉलला फसून आधीच बॅट फिरवतात. ही थांबली, आरामात, आणि सणसणीत मारला. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉपने अंगावर घेऊन अडवला म्हणून रन झाला नाही. पण तिन्ही बेस भरले. आता आणखी एक फुकट गेली तरी तिसऱ्या बेसवरची प्लेटला परतणार, म्हणजे रन, म्हणजे बरोबरी.

माझ्या डोक्यात टक् झालं. आता जाळीमागे कोणी नव्हतं, मग हिला कसं कळलं?

मी मागचा खेळ आठवायला लागले. शहरातल्या पोरी मधल्या इनिंगपासून हळू बॉल बराबर ओळखत होत्या. आणि बॉल टाकायच्या आधी त्या पिचरच्या हाताकडे बघत नव्हत्या. तिच्या डोक्यावरून लांब बघत होत्या. मला वाटलं होतं, मागच्या आवाजाने बावरल्यात.

पुढची बॅटर आली. मीही तिच्या नजरेने लांब बघितलं.

कावेरीच्या अगदी मागे, मैदानाच्या टोकाला, दोरीपलीकडे एक गृहस्थ खुर्चीवर बसले होते. पांढरे कपडे, काळी छत्री, समोर स्टँडवर मोबाइल. पालक आपल्या मुलीचं शूटिंग घेतात, त्यात नवल नाही. ऑक्टोबरचं ऊन होतं, छत्रीचंही नवल नाही. सकाळपासून ते इतके शांत बसले होते की मी त्यांच्याकडे एकदाही संशयाने पाहिलं नव्हतं. माझ्यासारखीने.

कॅचरने खाली खूण केली. छत्री सरळ राहिली. जोरात बॉल आला, लांबून गेला. पुन्हा खूण केली. छत्री डाव्या खांद्यावर कलली. हळू बॉल आला, तोही चुकीचा.

ऊन जागचं हललं नव्हतं.

मोबाइलवर चित्र मोठं करून कॅचरची बोटं बघायची आणि छत्रीने सांगायची. मैदानात खेळता खेळता समोरच्याची खूण ओळखली तर ती हुशारी. बाहेरच्या माणसाने कॅमेऱ्यातून बघून सांगणं, ती चोरी. पण सिद्ध कशी करणार? छत्री कलली म्हणून कोणाला शिक्षा होत नाही. मी तसं म्हटलं असतं तर गाडेकर सरांनी मलाच वेड्यात काढलं असतं, आणि संशयी बाई म्हणून माझं नाव आधीच झालेलं होतं.

मी पुन्हा दोन्ही हात वर केले. "टाइम! सर, जरा या."

गाडेकर सर आले.

"तुमची तक्रार बरोबर होती," मी म्हणाले. "बॅटरला अडथळा होईल असा प्रेक्षक नको. मागचा हलवला. आता समोरचाही हलवू. बॅटरच्या नजरेसमोर खुर्ची, छत्री, काही नको. तुमच्याच मुलींच्या सोयीसाठी."

"त्यांचं काय? ते तर शांत बसलेत!"

"हो ना. फारच शांत."

"आमच्या मुलींना काही त्रास नाही त्यांचा."

"मघाशी तुम्हीच म्हणालात, बघू नका, बाहेर काढा."

गॉगलमुळे डोळे दिसले नाहीत, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसल्या. संयोजक खुर्चीकडे गेले. थोड्या वेळाने छत्रीवाले स्वतःच तणतणत आले.

"मी माझ्या मुलीचा व्हिडिओ घेतोय. कुठल्या कायद्यात बसतं हे? मी कोण आहे माहितीय का तुम्हाला?"

"पालक आहात," मी म्हणाले. "व्हिडिओ घ्या की. पहिल्या बेसच्या बाजूला दोरीबाहेर बसा. तिथून मुलीची बॅटिंग जास्त छान दिसेल."

त्यांनी त्या जागेकडे बघितलं. तिथून बॅटर दिसते. कॅचरची बोटं दिसत नाहीत. त्यांनी मोबाइल स्टँडवरून काढला आणि खिशात टाकला. त्या दिवशी तो पुन्हा बाहेर आला नाही. मला हवा तेवढा पुरावा मिळाला होता. लिहून देण्यासारखा तो नव्हता.

मग मी शेख सरांना म्हणाले, "रस्त्यावरच्या त्या पालकांनाही आत बोलवा. दोघांना एकच जागा. दोरीबाहेर, बाजूला, मला दिसतील अशी."

बाप आला. घोंगडी सावरत छत्रीवाल्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. मी जवळून गेले तेव्हा त्याने हळूच विचारलं, "मॅडम, आवाज काढू का न्हाई?"

"इथून ओरडा, टाळ्या वाजवा, काय वाटेल ते करा. जाळीमागून नको."

बॅटिंगला छत्रीवाल्यांचीच मुलगी होती. प्लेटपाशी उभी राहताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं झालं मॅडम, उठवलं त्यांना."

खेळ चालू असताना अंपायर खेळाडूशी गप्पा मारत नाही. पण तिची मला माया आली. त्या पोरीला स्वतःच्या जिवावर खेळायचं होतं आणि कोणी खेळू देत नव्हतं.

बाजूने लांब हुर्रर्र आला. कावेरीचे खांदे खाली आले. टक्. हात फिरला. स्ट्राइक. पुढचा बॅटला लागून बाहेर. दोन स्ट्राइक झाले, तिसऱ्याला ती बाद. त्यापुढचा चुकला. मघाचे दोन धरून चुकीचे तीन झाले, आता एकच बॉल उरला. मला माझाच संशय यायला लागला. आता बॉल प्लेटच्या कडेवरून आला तर मी काय ओरडणार? सकाळची ती गोष्ट माझ्या तोंडून स्ट्राइक म्हणेल का? मी मनातल्या मनात म्हणत होते, पोरी, काठावरचा टाकू नकोस. माझ्यावर काही ठेवू नकोस.

टक्.

हात तेवढ्याच वेगाने फिरला आणि बॉल रमतगमत आला. मुलीने छत्रीच्या जुन्या जागेकडे बघितलं नाही. बघायला तिथे काही नव्हतंही. तिने मनापासून बॅट फिरवली, थोडी आधी. बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसला. मला फक्त हात वर करायचा होता.

गाव दोरी तोडून आत आलं. आता येऊ दे म्हटलं.

गाडेकर सरांनी अंपायरच्या विरोधात तोंडी तक्रार केली, की मी प्रेक्षकांना दोनदा हलवून खेळाची लय मोडली. ती खरीच होती, म्हणून मी वाद घातला नाही.

निघताना कावेरीचा बाप भेटायला आला. मी आधी त्याचे हात बघितले. रिकामे होते.

"मला हलवलं तवा लई राग आल्ता तुमचा," तो म्हणाला. "आता एक इचारू का? दिवाळीनंतर आमी मेंढरं घेऊन लांब जातो. संभाजीनगरच्या मॅचला म्या न्हाई येऊ शकत. तुमी असाल का तिथं?"

"मी अंपायर नाहीये तिथे."

"मंग तर बरंच हाय की," तो म्हणाला.

विभागीय सामन्याला मी गेले. भोकरदनहून सकाळच्या एसटीने, स्वतःच्या खर्चाने, प्रेक्षक म्हणून. आदल्या आठवड्यात स्वयंपाकघरात जीभ टाळूला लावून सराव केला होता. घरच्यांना वाटलं दात दुखतोय. कावेरी बॉल टाकायला उभी राहिली, तेव्हा मी जाळीमागे गेले, बोटं तारेत अडकवली आणि जमेल तसा आवाज काढला. हुर्रर्र काही जमला नाही. टक् मात्र बरा झाला. तिने चमकून बघितलं, हसली आणि हात फिरवला.

दुसऱ्याच बॉलनंतर अंपायरने दोन्ही हात वर केले. मग खिशातून ब्रश काढून प्लेट झाडायला वाकला. प्लेट अगदी स्वच्छ होती. संयोजक माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, इथे उभं राहता येणार नाही."

मी मुकाट्याने बाजूला जाऊन बसले. कावेरीचं वसतिगृहाच्या निवडीच्या यादीत नाव आलं ते संध्याकाळी कळलं. त्या अंपायरने बरोबर केलं. त्याच्या जागी मी असते तर मीही मला हलवलं असतं. फक्त त्यानंतर एकदा समोर, मैदानाच्या टोकाला, कोण शांत बसलंय तेही बघून घेतलं असतं.